गिटारची कड

गिटार विकत घेताना आपण पॉलिशची चमक पाहतो, तारा छेडतो. कडेवरून बोट कोणी फिरवत नाही. तिथली पट्टी म्हणजे निव्वळ नटवेपणा, असं मलाही वाटायचं. पण लाकडाची उघडी कड ओल शोषते, धक्क्याने चिरते, आणि पट्टी तिला झाकते. शिवाय वाजवणाऱ्याचा हात तासन्‌तास तिच्यावरच टेकलेला! म्हणून कारागीर पट्टी आधी खरवडून लाकडाच्या पातळीला आणतो, मग बारीक पॉलिशपेपरने तिची धार मोडतो. जास्त घासलं की पट्टी कुठे जाड, कुठे बारीक दिसते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो घेणारा गवई भोपळ्यापासून जवारीपर्यंत सगळं निरखतो. मांडोच्या साथीची गिटार आम्ही मात्र चमक बघूनच उचलतो.