आधी हातोडी, मग बंदूक



गेल्या सुगीतली गोष्ट. सुदुंबऱ्यात इंद्रायणी भाताची झोडणी चालली होती. ऐन भाकरीच्या वेळेला वस्तीवरचा एक शेतकरी धापा टाकीत माझ्या दारात उभा राहिला. मागे त्याचा एकोणीस वर्षांचा पोरगा, मान खाली घातलेला.

"नाना, जरा घराकडं चला. ह्यानं आज घर उडवलं असतं."

प्रकार असा होता. पोराच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून पिकाची राखण करायची म्हणून रीतसर परवाना काढून घेतलेली. आजोबा महिन्यापूर्वी वारले. बंदूक खोलीच्या कोपऱ्यात तशीच राहिली. तिचा घोडा अडकला होता आणि नळीच्या बुडाचा पेच गंजून घट्ट बसला होता. पोराने मोबाइलवर काहीबाही पाहिले आणि ठरवले, की आपणच ही दुरुस्त करायची आणि पुढे हाच धंदा करायचा. पेच ढिला व्हावा म्हणून नळीचे बूड तापवायचे, एवढे त्याला कळले होते. भाता लावला, कोळसे फुलवले, नळी हातात घेतली. इतक्यात दारातून आजी ओरडली, "अरं मुडद्या, ती भरल्याली हाय! म्हाताऱ्यानं पावसाळ्यात ठासून ठिवलीया!"

पोराने नळी खाली ठेवली, म्हणून आज मी हे सदर लिहितो आहे. नाहीतर दुसरेच काही लिहावे लागले असते.

मी बंदुकीला हात लावला नाही आणि त्यांनाही लावू दिला नाही. पोलीस ठाण्यात कळवले. त्यांच्याबरोबर आलेल्या जाणकाराने नळीत गज घालून पाहिला, तर तो बुडापर्यंत जाईना. म्हातारी खरे बोलत होती.

आता पहिली गोष्ट कायद्याची. ती प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. आपल्या देशात 1959 चा शस्त्र कायदा आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय त्यात आहे. पण परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याचीच. तो माणूस गेला, की बंदूक वेळ न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. दुसरे असे, की बंदूक बनवायला जसा वेगळा परवाना लागतो तसाच दुरुस्त करायलाही लागतो. 2019 साली कायदा आणखी कडक झाला. विनापरवाना बंदूक बनवणे किंवा दुरुस्त करणे यांना आता कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. "घरचीच तर हाय" हे कारण तिथे चालत नाही. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराच्या शिकारीचा परवाना नव्हे. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

बंदूक जमा झाली, तसा बाप माझ्याजवळ बसला. म्हणाला, "नाना, पोराला लोखंडाची लई आवड. चाकणला एक जुनं लेथ मशीन बघून ठेवलंय. दोन म्हशी इकतो आन् घेऊन देतो. मंजी असले धंदे तरी सुटतील."

मी म्हणालो, "म्हशी आहेत तिथेच राहू द्या. आधी ह्याला एक हातोडी बनवू द्या."

मंडळी, आजच्या लेखात मला एवढेच सांगायचे आहे. बंदुकीचा कारागीर असो, इंजिनाचा मिस्त्री असो की फवारणीचा पंप दुरुस्त करणारा असो, त्याची पहिली शाळा म्हणजे स्वतःची हत्यारे स्वतः घडवणे. गिऱ्हाइकाची वस्तू बिघडवून शिकण्यापेक्षा आपली हातोडी बिघडवून शिकलेले बरे. चूक झाली तर नुकसान चार आण्यांच्या लोखंडाचे आणि शहाणपण जन्मभराचे.

बंदुका घडवण्याच्या धंद्यातही हेच झाले आहे. विलायतेत जोसेफ व्हिटवर्थ नावाचा मोठा कारागीर होऊन गेला. पुढे 1850 नंतर त्याने नावाजलेली रायफल बनवली. पण त्याच्याही आधी त्याने आयुष्याची कितीतरी वर्षे कशात घातली? तर लोखंडाचा पाट अगदी सपाट कसा करावा आणि माप अचूक कसे घ्यावे यात. 1840 साली त्याने सपाट पाट करण्याची रीत विद्वानांच्या सभेत मांडली. हत्यार आणि माप आधी, बंदूक मागाहून.

त्याच्याही अगोदर, 1774 साली जॉन विल्किन्सन याने तोफेची नळी सरळ कोरण्याचे यंत्र तयार केले. जेम्स वॅटला आपल्या वाफेच्या इंजिनासाठी नीट गोल सिलिंडर मिळत नव्हता. वाफ कडेने निसटून जायची. विल्किन्सनने तोफा कोरण्याच्या कसबातून त्याला सिलिंडर कोरून दिला, तेव्हा कुठे ते इंजिन धड चालले. आज तुमच्या विहिरीवर इंजिन असेल तर त्याचा सिलिंडर त्याच कसबाच्या वंशातला आहे. म्हणून मी त्या पोराला म्हटले, "बाबा, नळी कोरायची हौस आहे ना? मग पंपाच्या सिलिंडरवर भागव. कसब तेच, आणि तुरुंगाची वाट नाही."

आता आपल्या मराठी मुलखातले उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान सुरू केले. पुढे कडबा कापायचे यंत्र बनवले. 1903 साली लोखंडी नांगर बनवला. तो खपायला दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. 1910 साली औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात बाहेरून कच्चे लोखंड येईना. तेव्हा त्यांनी संस्थानिकांच्या किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा मिळवल्या, वितळवल्या आणि त्यांचे नांगर केले. लढाईचे लोखंड शेतात आले. 1941 मध्ये याच घराण्याने हरिहरला लेथ मशीन बनवण्याचा कारखाना काढला. सायकल, मग नांगर, मग लेथ. पायरी सोडून कोणी वर चढलेले नाही.

तर पोराला काय करायला लावले ते सांगतो. तुमच्या घरात असा लोखंडवेडा पोरगा किंवा पोरगी असेल तर तुम्हालाही उपयोगी पडेल. सामान थोडे होते. एक चांगला शेगडा, तीन प्रतींच्या कानशी, करवत आणि भंगारातून आणलेला मोटारीच्या पाट्याचा तुकडा. डोळ्यांना चष्मा मात्र पहिल्या दिवसापासून. त्यात सवलत नाही.

पहिले काम गुण्याचे. काटकोन दाखवणारा गुण्या सुतारही वापरतो. पण आपण बनवलेला गुण्या खरा आहे हे ताडून बघायचे कशाने? बाजारचा गुण्या नको. एक फळी घ्या, तिची कड सरळ रंधा. गुण्या कडेला टेकवून फळीवर रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढे फाकले त्याच्या निम्मी तुमची चूक. हे हत्यार स्वतःची साक्ष स्वतःच देते. पोराचे पहिले चार गुण्ये फाकले. पाचवा बसला.

दुसरे काम पोलादाला पाणी देण्याचे. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो तेच हे. छिन्नी, पत्र्यावर रेघ ओढायची टोकदार रेखणी आणि पेचकस अशी तीन हत्यारे करायला दिली. पोलाद लाल तापवायचे. लोहचुंबक चिकटेनासा झाला की समजायचे, ताव जवळ आला. आणखी थोडे तापवून तेलात बुडवायचे. आमचे सुदुंबरे संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे गाव. महाराजांचा धंदा तेल्याचा. तेव्हा इथे घाण्याच्या तेलाला काय तोटा, असे मी पोराला गमतीने म्हटले. तेल मात्र लोखंडी डब्यात घ्यायचे आणि झाकण हाताशी ठेवायचे. पेट घेतला तर झाकण टाकायचे, पाणी कधीच ओतायचे नाही.

बुडवून काढलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. पडले तर तुटेल. म्हणून ते घासून चकचकीत करायचे आणि मागच्या बाजूने हळूहळू पुन्हा तापवायचे. मग त्यावर रंग चालत येतात. आधी भाताच्या पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण 225 अंशांना येतो, निळा 300 च्या सुमारास. रेखणी पिवळ्यावर थांबवायची, कारण तिला टोक टिकवायचे आहे. छिन्नी जांभळ्यावर, कारण तिला घाव सोसायचे आहेत. पेचकस निळ्यावर, कारण त्याला पीळ सोसायचा आहे. कडकपणा थोडा सोडल्याशिवाय चिवटपणा येत नाही. हे पोलादाचे झाले, घरातल्या माणसांचेही तसेच.

पेचकसाचे आणखी एक सांगतो. बंदुकीचा खरा कारागीर बाजारचा पेचकस जसाच्या तसा वापरत नाही. प्रत्येक पेचाच्या खाचेत अचूक बसेल असे पाते तो स्वतः घासून घेतो. सैल पाते घसरते, खाच चेपते आणि पेच कायमचा अडकतो. आजोबांच्या बंदुकीचे पेचही असेच चेपलेले होते. पोराने आपला पेचकस पूर्ण केला, हातात घेऊन बघितला आणि आपणहून म्हणाला, "नाना, मी त्या दिवशी पेच खोलायलाच नालायक होतो." मंडळी, परीक्षेतला कुठलाही गुण या वाक्याएवढा मोठा नाही.

तिसरे काम व्हिटवर्थच्या रीतीचे, तीन पाट एकमेकांवर तपासून सपाट करण्याचे. दोन पाट एकमेकांवर निळ लावून घासले, तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर असूनही ते जुळतात आणि आपण फसतो. तिसरा पाट आणला की लबाडी उघडी पडते. तिन्ही पाट पाळीपाळीने एकमेकांशी जुळले तरच ते सपाट. जिथे निळ लागेल तो उंचवटा खरवडायचा आणि पुन्हा ताडून बघायचे. या कामाला पोराला पावणेदोन महिने लागले. गावकीच्या भांडणातही दोघांचे जुळले म्हणजे ते खरे असे नसते. तिसऱ्याला विचारावे लागते.

एवढे झाल्यावर मग लेथ. पण तेही विकत घेऊन नाही. पोराने सरकारी आयटीआयमध्ये टर्नरला नाव घातले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथे लेथही आहे आणि शिकवणारेही आहेत. ज्यांना यंत्रापेक्षा हातकाम आवडते त्यांना फिटरचा अभ्यासक्रम आहे, तोही दोन वर्षांचाच. चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांत या कागदाला किंमत आहे. आणि जमीन कमी झालेल्या आमच्या मावळात पोराच्या हातात असे काही असणे म्हणजे काय, हे आईबापांना सांगायला नको.

आज तो सुटीच्या दिवशी वस्तीवर कडबाकुट्टीची पाती लावून देतो, फवारणी पंपाचे वॉशर बदलतो, इंजिनाचे चेपलेले पेच काढून देतो. फार मिळकत आहे असे नाही. मीठमिरची भागते. म्हशी दोन्ही गोठ्यात आहेत. त्यातली एक मागच्या महिन्यात व्याली.

बंदुकीचे म्हणाल, तर बापाने ती परत मागितली नाही. पोराला अजून वाटते, पुढेमागे परवाना काढून शस्त्रदुरुस्तीचे काम रीतसर शिकावे. मी त्याला मोडता घातला नाही. धंदा इमानाचा आहे, अट परवान्याची आणि हाताच्या तयारीची. दुसरी अट तो आता पुरी करतो आहे.

तेव्हा वाचकहो, पोराने "मला मशीन घेऊन द्या" म्हटले, तर एकदम नाही म्हणू नका आणि एकदम जनावरही विकू नका. म्हणा, "आधी तुझ्या हातचा गुण्या दाखव." चार वेळा फाकला तरी पाचव्यांदा बसणारा पोरगा असेल, तर त्याच्यासाठी पुढे कर्ज काढायलाही हरकत नाही.

आणि आज एक काम तेवढे करा. घरात वाडवडिलांची जुनी बंदूक असेल, तर परवाना कोणाच्या नावावर आहे ते बघा. ती भरलेली नाही असे कोणी कितीही सांगो, भरलेलीच आहे असे समजून वागा. आणि आजीला एकदा विचारा. घरातले बरेच काही अजून तिलाच ठाऊक असते.