माहुलच्या हवेचे संशोधन झाले होते, मग माणसे तिथे का पाठवली?

२०२५ च्या सुरुवातीला मुंबई महापालिकेने माहुलमधली नऊ हजारांवर रिकामी घरे आपल्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना विकायला काढली. एका घराची किंमत १२ लाख ६० हजार रुपये. मुंबईत या पैशात झोपडीही हाती लागत नाही, तरी अर्ज आले ते मोजकेच. सफाई खात्यात राबणाऱ्या आपल्या बांधवांना माहुल काय आहे हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्येच माहुल-आंबापाडा परिसरातल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे म्हटले होते. दहा वर्षांनंतरही तिथली घरे खपवताना पालिकेला चतुर्थ श्रेणीचाच माणूस आठवतो. याची चर्चा आपल्या चळवळीत व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

आम्ही हा विषय संशोधनाच्या बाजूने मांडतो आहोत, कारण माहुलच्या बाबतीत संशोधन कमी पडले असे म्हणता येत नाही.

चेंबूर-ट्रॉम्बे पट्ट्यात तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाना, वीज केंद्र आणि रसायने साठवणाऱ्या टाक्यांच्या रांगा आहेत. टाकी भरताना, टँकरमध्ये माल उतरवताना जी वाफ सुटते तिच्यात बेंझिन, टोल्युइन, झायलिन अशी द्रव्ये असतात. ती धुरासारखी दिसत नाहीत. डोळे चुरचुरतात, डोके जड होते, छातीत कोंडल्यासारखे वाटते, एवढेच माणसाला कळते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फार पूर्वी मान्य केले आहे. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार हवेतल्या बेंझिनची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये.

केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातच चेंबूर, लालबाग आणि खार इथल्या लोकांची तपासणी करून त्यांच्या आजारांचा त्या त्या भागातल्या हवेशी संबंध लावून पाहिला होता. तुलनेसाठी ग्रामीण भागही घेतला होता. चार हजारांवर माणसे आणि तीन वर्षांचा पाठपुरावा. आजही असा अभ्यास करायला निघालेल्याला घाम फुटेल. म्हणजे चेंबूरच्या हवेचा प्रश्न विज्ञानाला आपल्या आजोबांच्या काळापासून ठाऊक आहे.

पुढे आंबापाड्याच्या रहिवाशांनी टाक्यांमधून सुटणाऱ्या वाफेविरुद्ध तक्रारी केल्या, हरित न्यायाधिकरणात गेले. त्या प्रकरणात केईएमची पाहणी समोर आली. ६७.१ टक्के लोकांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत होता, ८६.६ टक्के लोकांचे डोळे चुरचुरत होते आणि ८४.५ टक्के लोकांना छातीत कोंडल्यासारखे होत होते. इथे काम कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. वास कधी येतो, रात्री जास्त येतो की पहाटे, हे सांगणारा रहिवासी होता. छाती तपासणारा डॉक्टर होता, हवा मोजणारी यंत्रणा होती आणि हे सगळे कागदावर आणणारा वकील होता. यातला एकही गळाला असता तर प्रकरण उभे राहिले नसते. एकट्या रहिवाशाची तक्रार ‘किरकोळ’ ठरली असती आणि एकट्या डॉक्टरची पाहणी ग्रंथालयात धूळ खात पडली असती. सहभागी संशोधन म्हणतात ते हेच.

आणि तरीही काय झाले? निकाल २०१५ चा. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१७ पासून, तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबे याच माहुलच्या ७२ इमारतींत आणून टाकली. ज्या शासनाच्या रुग्णालयांनी आणि मंडळांनी धोका मोजला, त्याच शासनाच्या दुसऱ्या खात्याने तिथे ‘पुनर्वसन’ केले. विद्याविहार, घाटकोपरच्या वस्त्यांतून आलेली ही माणसे कोण होती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यांनी ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहारला रस्त्याच्या कडेला ठाण मांडले. आजारांची आणि मृत्यूंची मोजदाद स्वतः ठेवली. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनीही लोकांना तिथून हलवण्याच्या बाजूने मत दिले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे घरे द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या, असे सांगितले. ऑगस्ट २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली.

आमचा निष्कर्ष सरळ आहे. २०१५ मध्ये पुरावा होता, पण पुढे ज्यांना तिथे नेले जाणार होते ती माणसे त्या पुराव्यापासून लांब होती. आपण कुठे चाललो आहोत, तिथल्या हवेबद्दल काय निष्पन्न झाले आहे, हे बहुतेकांना तिथे राहायला गेल्यावर कळले. २०१९ मध्ये तोच पुरावा रस्त्यावर बसलेल्या माणसांच्या हातात होता.

आपल्या वस्त्यांना सर्वेक्षण नवे नाही. फॉर्म घेऊन मुले-मुली येतात, कितीजण एका खोलीत राहता, खोकला किती दिवस, संडास कुठे, सगळे विचारतात. त्यातून प्रबंध होतो, परिषदेत निबंध वाचला जातो. वस्तीत परत येऊन ‘हे निघाले’ असे सांगणारे फार थोडे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये लोकसमूहाला आधीपासून सोबत घेणे आणि निष्कर्ष त्यांच्यापर्यंत पोहोचवणे अपेक्षित आहे. पुढच्या वेळी कुणी फॉर्म घेऊन आले तर आपल्या कार्यकर्त्यांनी त्याच्याकडून नैतिक समितीच्या परवानगीची प्रत मागावी आणि अहवाल मराठीत कधी देणार ते लिहून घ्यावे. यात उद्धटपणा काही नाही. हा माहिती देणाऱ्याचा हक्क आहे.

अमेरिकेतला एक दाखला इथे जवळचा वाटतो. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत, जिथे बहुसंख्य कृष्णवर्णीय राहत, पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरायचे ठरले. लोक ट्रकसमोर आडवे झाले, पाचशेंवर अटका झाल्या, तरी माती तिथेच पुरली गेली. त्यानंतर युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या चर्चच्या वंशन्याय आयोगाने देशभरातले घातक कचऱ्याचे प्रकल्प आणि त्या त्या पिनकोडमधली लोकवस्ती शेजारी ठेवून मोजणी केली. १९८७ च्या त्या अहवालात दिसले की जिथे असा प्रकल्प आहे तिथे अल्पसंख्य वंशांच्या लोकांचे प्रमाण इतर ठिकाणांच्या सरासरी दुप्पट आहे आणि गरिबीपेक्षाही वंश हा घटक जास्त ठळक आहे. त्या कामामुळे १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा पर्यावरणीय न्यायाचा आदेश आला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो रद्द केला. आदेश गेला, मोजणी मात्र शिल्लक आहे.

ही मोजणी एका चर्चने केली होती, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे गावोगावी, वस्तीवस्तीत बुद्धविहारे आहेत. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण पै-पैने ठेवतो. वस्तीत गेल्या पाच वर्षांत कोण कशाने गेले, याची वही किती विहारांत आहे? कालाम सुत्तावर आपण तासतासभर बोलतो, पण स्वतः तपासून पाहण्याची वेळ येते तेव्हा मोजपट्टी दुसऱ्याच्या हातात असते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री असताना १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. खाणीच्या अहवालांची त्यांना कमतरता असेल असे वाटत नाही.

आता महाराष्ट्रातली एक संधी. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरला राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहायचे आणि त्यासाठी डॉक्टर, पशुवैद्यक, पर्यावरणतज्ज्ञ यांनी एकत्र काम करायचे, अशी ही कल्पना आहे. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्थाही नागपुरातच आहे. दीक्षाभूमीच्या शहरात हे उभे राहते आहे, तेव्हा आपण बाहेरून टाळ्या वाजवत राहू नये. जनावरांकडून माणसाला होणाऱ्या रोगांचा पहिला धोका कुणाला, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. मेलेली ढोरे पिढ्यानपिढ्या कुणी ओढली? आज गटार आणि सेप्टिक टाकी साफ करणाऱ्यांची केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेखाली नोंद झाली, त्यात २०२४ पर्यंतच्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी होते. एकट्या अनुसूचित जातींचे सुमारे ६९ टक्के. ‘वन हेल्थ’च्या चित्रात माणूस, प्राणी आणि निसर्ग असतात, पण त्या माणसाचा धंदा आणि त्याची जात सहसा नसते.

नागपूरच्याच उंबरठ्यावर कोराडीचे औष्णिक केंद्र आहे. त्याच्या विस्तारासाठी २९ मे २०२३ रोजी जनसुनावणी झाली. अशा प्रकल्पांचा पर्यावरण अहवाल प्रकल्पवाल्यानेच नेमलेला सल्लागार करतो, ही २००६ च्या अधिसूचनेची रीतच आहे. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो आणि सुनावणीच्या आधी निदान ३० दिवस मिळतात. या ३० दिवसांत आपण हरकतीचे पत्र लिहितो, घोषणा तयार करतो. राखेजवळच्या विहिरीचे पाणी तपासून आणलेला कागद फार क्वचित कुणाच्या हातात असतो.

हे काम भावनेच्या भरात होत नाही. वहीत खोकल्याच्या नोंदी केल्या म्हणजे शास्त्र झाले असे नाही. तुलनेला दुसरी वस्ती लागते, तंबाखू आणि चुलीचा धूर वेगळा काढावा लागतो, लोकांची संमती आणि नावांची गुप्तता सांभाळावी लागते. स्वस्त हवामापक यंत्र आकडा दाखवते, पण ते मानक यंत्राशेजारी ठेवून तपासले नसेल तर समोरचा वकील दोन मिनिटांत ते उडवून लावतो. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांतला पीएसएम विभाग, अभियांत्रिकीचे पर्यावरण विषयाचे विद्यार्थी आणि संख्याशास्त्र शिकणारी मुले यांची गरज आहे. आरक्षणामुळे या सगळ्या ठिकाणी आज आपली मुले-मुली आहेत. त्यांना जयंतीला सत्काराला बोलावतो, तसे एकदा कामाला बोलावले पाहिजे.

यात जनगणनेचाही भाग आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने जातींची गणना जनगणनेसोबत करायचे ठरवले. कोणत्या वस्तीत कोण किती, हे माहीत नसेल तर कोणाला आजार जास्त हे टक्क्यांत मांडता येत नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाखांवर लोकांनी बौद्ध असे लिहिले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, पण धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीचा रकाना कोरा, असे झाले तर आपण अनुसूचित जातींच्या आकड्यातून गळतो. जात लिहिणे धम्माशी विसंगत वाटते त्यांची अडचण खरी आहे. तरी प्रदूषण, आजार आणि जात यांचा संबंध उद्या सिद्ध करायचा असेल तर त्या कोऱ्या रकान्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागेल, असे आमचे मत आहे. यावर गणनेच्या आधी विहारांत खुली चर्चा व्हावी.

तोवर नागपूरच्या संस्थेला एक पत्र तर लिहिता येईल. तिच्या सल्लागार समितीवर सफाई कामगारांच्या संघटनेचा प्रतिनिधी असावा, वीज केंद्रांभोवतीच्या गावांचा आणि डंपिंग ग्राउंडजवळच्या वस्त्यांचा अभ्यास तिने घ्यावा आणि प्रत्येक अहवाल त्या वस्तीत मराठीत वाचून दाखवावा. पत्रासोबत माहुलच्या २०१५ च्या निकालाची प्रत जोडावी.