गर्भारशीची वाटी

"दोन जिवांची आहेस, दोघांचं जेव," म्हणणारी एक सासू. आणि "फार खाऊ नको, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल," म्हणणारी दुसरी. मैत्रिणींनो, यातलं एक तरी तुम्ही ऐकलं असेलच.

डॉक्टरांची मतंही काही कमी बदललेली नाहीत हं! पूर्वी समज असा, की आई खावो न खावो, बाळ हवं ते ओढून घेतंच. आणि वार म्हणजे भक्कम भिंत, वाईट काही आत जायचं नाही. १९६१ साली थॅलिडोमाइडने तो भ्रम फोडला. मळमळीवर घेतलेल्या त्या गोळीने हजारो मुलं अपुऱ्या हातापायांची जन्मली. पुढे इंग्लंडात डॉ. डेव्हिड बार्कर यांनी जुन्या नोंदी चाळल्या, तर जन्मतः कमी वजनाच्या माणसांत हृदयविकाराने मरणारे अधिक!

आपल्याला जवळचं काम मात्र पुण्याचं. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची पाहणी सुरू केली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण गंमत पाहा, आपली बाळं दिसायला बारीक, तरी कातडीखाली चरबी त्या मानाने बरीच. पुढच्या मधुमेहाची पायाभरणी ही अशी पोटातच होते. ज्या बायका पालेभाजी, फळं, दूध वरचेवर घेत, त्यांची बाळं अंगाने बरी निघाली. निम्म्याहून अधिक जणींना बी-१२ कमी होतं. फॉलिक ॲसिडने बाळाच्या मणक्याचे दोष टळतात, हे १९९१ साली सिद्ध झालंय, तेव्हा ती गोळी सोडायची नाहीच. पण शाकाहारी असाल तर डॉक्टरांना बी-१२ बद्दलही विचारा.

ग्रहणात भाजी चिरल्याने ओठ फाटतो याला काडीचा आधार नाही. उलट त्या दिवशी गर्भारशीला उपाशी ठेवणं वाईट.

आणि मूल बारीक निघालं की "हिनेच खाल्लं नाही" हा ठपका कशाला? तिच्या लहानपणी तिला काय मिळालं, हेही त्या वजनात असतंच. शिवाय आपल्याकडे बाई सगळ्यांच्या मागून जेवते, तोवर पातेल्यात पालेभाजीचं नुसतं पाणी उरतं. घरात कुणी गर्भारशी असेल तर तिची भाजीची वाटी नि दही पानं वाढण्याआधीच झाकून बाजूला ठेवा. ती स्वतःहून मागणार नाही.