गादीतला खळगा

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या प्रत्येक वस्तूचा मान राखला जातो. तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच लागते, पंख्यांची पाती पुसली जातात, आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटावर तर सौभाग्यवतींचा वर्षभर डोळाच असतो. पण आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण जिच्यावर काढतो, त्या गादीची आठवण किती घरांत होते? बखरी शिकवताना सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी यांवर मी तासन् तास बोलतो. त्या दोन गाद्यांचा तंटा मिटवायला १७३१ साली वारणेचा तह करावा लागला. आमच्या घरातही एका गादीचा तंटा होता. तो गेल्या आश्विनात मिटला, त्याची ही हकीकत.

ही गादी कापसाची. १९७५ साली आईच्या लग्नात खानदेशातल्या आजोबांनी घरच्या शेतातला देशी कापूस भरून करून दिलेली, चांगली दोन माणसांची. देशी कापसाचा धागा आखूड आणि भरड. त्याचे तलम सूत निघत नाही, पण दाबला तरी तो पुन्हा फुलून येतो, म्हणून गादीला तोच चांगला.

आईचे गादीशास्त्र पक्के होते. सकाळी उठल्याबरोबर गादी झाकायची नाही. रात्रभराचा घाम आणि हवेतली ओल कापूस शोषून घेतो, तेव्हा तासभर ती उघडी राहू द्यायची. पावसाळा संपला की आश्विनातल्या कडक उन्हात गच्चीवर चटई अंथरून तीवर गादी टाकायची. दुपारी बाजू पालटायची आणि हलक्या छडीने झोडपून धूळ काढायची. राग काढल्यासारखे झोडपायचे नाही, त्याने कापसाचा धागा तुटतो. ऊन उतरण्याआधी गादी घरात यायलाच हवी, नाहीतर संध्याकाळचे दव बसून दिवसाचे श्रम वाया जातात. १९६४ साली हॉलंडमधल्या संशोधकांनी, घरच्या धुळीने ज्यांना त्रास होतो त्यांच्या त्या त्रासाचे मूळ धुळीतल्या अतिसूक्ष्म किड्यांत आहे, असे दाखवून दिले. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतल्या ओलाव्यावर जगतात. म्हणजे कोरडी गादी हा त्यांचा दुष्काळ! आईला हॉलंडची वार्ता नव्हती, पण उन्हाचा गुण ठाऊक होता.

(ज्यांच्या घरी फोमची गादी आहे, त्यांनी मात्र हा उपाय करू नये. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि पुढे त्याचा चुरा होतो. ती सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. काथ्याच्या गादीची घडी घालू नये, ती मोडते.)

आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे दर पंधरवड्याला गादी उलटायची आणि डोक्याची बाजू पायाकडे करायची. माणूस रोज एकाच जागी निजतो. तिथला कापूस दबतो, त्याचे गोळे होतात आणि गादीला खळगा पडतो. एकदा का खळगा पडला की पिंजाऱ्याला बोलावण्यावाचून गत्यंतर नाही.

चार वर्षांपूर्वी वडील गेले. शेवटचे आठ महिने ते याच गादीवर होते. त्यानंतर आईने गादी एकदाही उलटली नाही. गच्चीवर नेऊ दिली नाही. गादीच्या उजव्या अंगाला मोठा खळगा पडला होता आणि आई त्याच्या कडेला, हातभर जागेत अंग चोरून निजायची. सकाळी कंबर धरून उठायची. डॉक्टरांनी गादी बदलायला सांगितले. मी नवीन गादीची गोष्ट काढली की तिचे उत्तर ठरलेले, "माझ्या गादीला काय झालंय?"

जिने आम्हांला हे सारे नियम शिकवले, तिनेच ते मोडावेत याचा मला राग येई. एकदा तर मी बोलून गेलो, "अगं, नीट ठेवायची नसेल तर टाकून दे ती!" आई काहीच बोलली नाही. रात्री सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अहो, तो खळगा बाबांचा आहे."

वीस वर्षे मी मुलांना ओळींमधला अर्थ शिकवतो आहे. माझ्याच घरातला अर्थ मात्र मला दुसऱ्याने सांगावा लागला.

पुढचे काम मी केले नाही, सुनेने केले. ती आईजवळ बसून इतकेच म्हणाली, "आई, कापूस तोच राहील. नुसता मोकळा होईल." आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनेच कात्री मागितली आणि गादीचे टाके स्वतःच्या हाताने उसवले.

पिंजणाच्या तातीचा टणत्कार आता गल्लीत ऐकू येत नाही. पिंजारीकाका हातगाडीवर यंत्र घेऊन आले. कापसाचा गोळा हातात उकलून म्हणाले, "माई, देशी आहे. असा आता कुठं मिळतो?" यंत्रातून कापूस बाहेर पडू लागला तशी धूळ उडाली. आम्ही नाकाला रुमाल लावले. आई पदरही न लावता तशीच पाहत उभी होती. संपूर्ण ढीग पांढराशुभ्र फुलून आला, तेव्हा काकांनी विचारले, "पहिल्यासारखी दोघांची भरू ना?"

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "नको. माझी एकटीची करा. उरलेल्या कापसाची आमच्या नातवाला भरा. आणि गादीपाट चांगला जाड घाला, पोरगं आडदांड आहे."

त्या गोष्टीला आता वर्ष झाले. आईची कंबर अजून अधूनमधून कुरकुरते, पण ती गादीच्या मधोमध, ऐसपैस निजते. आता दर पंधरवड्याला सकाळी मी पेपर उघडावा आणि आतून हाक यावी, हे ठरलेलेच आहे, "अरे, पंधरा दिवस झाले. ये, जरा त्या बाजूनं धर."