‘उभं राहता येत नाही, मग उंची कशी मोजणार?’

पालकांनो, तुमचं मूल व्हीलचेअरवर असेल किंवा त्याचा कणा वाकलेला असेल, तर त्याची फाइल एकदा उघडून पाहा. वजन बहुधा प्रत्येक भेटीत लिहिलेलं असेल. उंचीच्या रकान्यात मात्र आडवी रेघ, नाहीतर नजरेनं ठरवलेला आकडा. विचारलं तर वरचाच प्रश्न उत्तर म्हणून मिळतो. मला ते मान्य नाही.

समजा, १४ वर्षांच्या मुलीला स्कोलिओसिस आहे, म्हणजे कणा बाजूला वळलाय. वजन ४० किलो. उभी केली तर उंची भरते १४० सें.मी.; कणा सरळ असता तर १५० भरली असती. १४० धरून बीएमआय येतो २०.४, आणि १५० धरून १७.८. फुप्फुसांच्या चाचणीत तर याहून वाईट घडतं. स्पायरोमेट्रीत ‘अपेक्षित’ क्षमता वय, लिंग आणि उंचीवरून काढतात. उंची कमी टाकली की अपेक्षाच खाली येते, आणि कमजोर फुप्फुसं कागदावर ठणठणीत दिसतात. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ हाच कागद वाचणार असतात!

मोजायला काय लागतं? एक न ताणणारी टेप. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं. आपल्याकडे याला ‘वाव’ म्हणतात. बसूनही मोजता येते आणि साधारण उंचीइतकीच भरते. हात सरळ होत नसतील तर गुडघा आणि घोटा काटकोनात ठेवून टाचेपासून गुडघ्याच्या वरपर्यंतची लांबी घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्टीव्हन्सन यांचं १९९५ चं सूत्र आहे: ही लांबी गुणिले २.६९, अधिक २४.२. लांबी ४० सें.मी. असेल तर उंची सुमारे १३२ सें.मी.

पण हेच सूत्र १५ वर्षांच्या मुलाला लावून मोकळं होणंही चूकच. वयात येताना आधी हातपाय लांबतात, धड मागून वाढतं. ‘साडेतीन हातांचा देह’ मोठ्यांच्या बाबतीत ढोबळपणे जुळतो. या वयात हात आणि देहाचं प्रमाण स्थिर नसतं. म्हणून सूत्र कोणत्या वयाच्या आणि कोणत्या आजाराच्या मुलांवरून काढलंय, हे डॉक्टरांना खुशाल विचारा. त्यांना राग आला तर येऊ द्या. योग्य सूत्र नसेल तर उंची काढूच नका, मोजलेली लांबीच लिहा. दर सहा महिन्यांनी त्याच बाजूची, त्याच पद्धतीनं. मूल वाढतंय की थांबलंय, हे त्यावरूनही कळतं.

आणि केसपेपरवर नुसतं ‘१५०’ नको. ‘वाव १५० सें.मी., खुर्चीत बसवून’ असं तारखेसह लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असतील, त्यांना ती उभ्यानं मोजलेली उंची वाटायला नको.