विश्लेषण : स्वदेशीचे हुतात्मा बाबू गेनू… ‘गिरणी कामगार’ ही ओळख मागे का पडली?

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा स्वदेशीची हाक पुन्हा ऐकू आली. अशा वेळी हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे नाव हमखास घेतले जाते. १२ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन स्वदेशी दिन म्हणूनही पाळला जातो. ते स्वतः कापडगिरणीत राबत होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

महाळुंगे पडवळ ते काळबादेवी

जन्म १९०८चा, आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे, गरीब शेतकरी कुटुंबात. पोटासाठी मुंबई गाठायची आणि मिळेल ते काम धरायचे, ही जुन्नर-आंबेगावच्या अनेक घरांची वाट. तीच त्यांनीही धरली. १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला आणि काँग्रेसचे स्वयंसेवक विदेशी कापडाची वाहतूक अडवू लागले. १२ डिसेंबरला काळबादेवी परिसरात कापडाने भरलेल्या ट्रकपुढे बाबू गेनू आडवे झाले. ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. वय अवघे २२. सरकारी बाजूने याला अपघात म्हटले गेले.

बहिष्काराचा फायदा कोणाला?

१९२९-३० मध्ये ब्रिटनमधून भारतात सुमारे १२५ कोटी वार कापड आले होते. पुढच्याच वर्षी ते ५२ कोटी वारांवर घसरले. यात जागतिक मंदीचाही वाटा होता, तो विसरून चालणार नाही. बाजारात मोकळी झालेली जागा देशी गिरण्यांना मिळाली. पण मजुरीचा प्रश्न सुटला नाही. १९३४ मध्ये वेतनकपातीविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांना संपावर जावे लागले.

आज चित्र उलटे आहे. तेव्हा बाहेरचे कापड रोखायचे होते. आता भारतीय तयार कपड्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका आहे आणि शिलाई कामगाराची रोजी तिथल्या मागणीवर अवलंबून आहे. स्वदेशीच्या आवाहनात ग्राहकाने काय घ्यावे, हे असते. कामगाराचे काय, हे सहसा नसते.

नाव कुठे कुठे?

डिंभे धरणाचा जलाशय ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ आहे, पुण्यात मंडईजवळ त्यांच्या नावाचे गणेश मंडळ आहे. मुंबईत माझगावच्या बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळली आणि ६१ जण दगावले. तिथे राहत होती ती महापालिका कर्मचाऱ्यांची कुटुंबे.