शिक्षा संघाला, मालक मोकळा!

प्रतिनिधी

मँचेस्टरनजीकच्या बरी या गावातील शेकडो फुटबॉलप्रेमी २७ ऑगस्ट २०१९ रोजी हाती झाडू आणि फडकी घेऊन 'गिग लेन' मैदानावर जमले होते. क्लब विकत घ्यायला एक कंपनी पुढे आली होती आणि नव्या मालकाच्या राज्यातील पहिल्या सामन्यासाठी मैदान सज्ज करण्याची त्यांची धडपड चालू होती. दुपारीच बातमी आली की त्या कंपनीने माघार घेतली. संध्याकाळची मुदत टळली आणि रात्री इंग्लिश फुटबॉल लीगने बरी एफसी या संघाची हकालपट्टी केली. १८८५ मध्ये स्थापन झालेला, १९०० आणि १९०३ मध्ये एफए चषक जिंकणारा हा क्लब. काही महिन्यांपूर्वीच त्याने तिसऱ्या श्रेणीत बढती मिळविली होती. मैदानावर यश आणि तिजोरीत खडखडाट, असे हे चित्र होते.

कर्जात बुडालेल्या क्लबचे लीगने करायचे तरी काय, हा प्रश्न त्या रात्री साऱ्या इंग्लंडला पडला. तो अजून सुटलेला नाही. त्यानंतर २०२१ मध्ये डर्बी कौंटी आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शेफील्ड वेन्सडे हे जुने, मोठ्या चाहतावर्गाचे क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेले. दोघांनाही तेच जुने औषध पाजण्यात आले, ते म्हणजे गुणकपात.

हे औषध कुठून आले, हे पाहण्यासारखे आहे. लीस्टर सिटी हा क्लब २००२ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन प्रशासकाकडे गेला, डोक्यावरचे कर्ज बरेचसे झटकले आणि त्याच हंगामाअखेर प्रीमियर लीगमध्ये बढती मिळवून मोकळा झाला. काटकसरीने कारभार करणाऱ्या इतर क्लबांनी साहजिकच ओरड केली. देणी बुडवणाऱ्याला बक्षीस आणि ती चुकती करणाऱ्याला ठेंगा, हा कुठला न्याय? त्यातून २००४ पासून दहा गुण कापण्याचा नियम आला. आज ही कपात बारा गुणांची आहे.

नियमामागचा हेतू योग्यच होता. न परवडणाऱ्या पगारावर खेळाडू आणून सामने जिंकणे ही एक प्रकारची फसवणूकच आहे आणि तिची किंमत मोजायला हवी. परंतु किंमत मोजतो कोण? लीड्स युनायटेडचे उदाहरण बोलके आहे. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठणारा हा क्लब भावी तिकीटविक्रीच्या भरवशावर कर्ज काढून बसला होता. मे २००७ मध्ये हंगामातील एकच सामना शिल्लक असताना आणि पदावनती जवळपास अटळ असताना तो प्रशासकाकडे गेला. दहा गुण कापले गेले, पण जो आधीच बुडाला त्याला आणखी काय भिजवणार! प्रशासकाने क्लब विकला तोही जुने अध्यक्ष केन बेट्स यांचा सहभाग असलेल्या नव्या कंपनीला. मग लीगने पुढच्या हंगामासाठी पंधरा गुण कापले. ते भोगले नव्या हंगामातील खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी. ल्युटन टाऊनवर २००८-०९ च्या हंगामात ३० गुणांची कपात लादली गेली आणि तो संघ लीगमधूनच बाहेर फेकला गेला. त्यावेळी क्लब चालविणाऱ्यांनी तो नुकताच वाचवायला घेतला होता. घोळ त्यांच्या आधीच्यांचा होता.

थोडक्यात, गुणकपात ही संघाला होणारी शिक्षा आहे, मालकाला नव्हे. मालक बहुधा तोवर निघून गेलेला असतो.

आधी आपले, मग इतरांचे

याहून खटकणारी बाब दिवाळखोरीच्या वाटपात आहे. इंग्लिश फुटबॉलमध्ये 'फुटबॉल धनको' असा एक खास वर्ग आहे. क्लब बुडाला तर खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची खेळाडू खरेदीची देणी पूर्ण चुकती केल्याशिवाय लीग त्या क्लबला खेळू देत नाही. बाकीच्यांनी उरलेल्या पैशांत वाटणी करून घ्यायची. पोर्ट्‌समथ हा क्लब फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशासकाकडे गेला. प्रीमियर लीगमधील संघावर अशी वेळ येण्याची ती पहिलीच खेप. २००८ मध्ये एफए चषक जिंकणाऱ्या या क्लबच्या धनकोंच्या यादीत सामन्याच्या दिवशी प्रथमोपचार पुरविणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती! कोट्यवधींचे करार केलेल्या खेळाडूंना पै न्‌ पै मिळणार आणि मैदानावर जखमेवर पट्टी बांधणाऱ्यांनी पौंडामागे काही पेन्सवर समाधान मानायचे.

ब्रिटनच्या करखात्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल लीगच्या बाजूने दिला, पण या निकालाचा अर्थ लीगच्या धोरणाला आमची पसंती आहे असा घेऊ नये, असेही न्यायाधीशांनी बजावले. लीगचे म्हणणे असे की एका क्लबने दुसऱ्याचे पैसे बुडवले तर दुसरा तिसऱ्याचे बुडवील आणि पत्त्यांचा बंगला कोसळेल. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. मात्र याच हमीमुळे क्लब एकमेकांशी उधारीचे व्यवहार निर्धास्तपणे करतात, हे त्याचे दुसरे अंग. पैसे बुडण्याची भीती असती तर खेळाडू विकताना समोरच्याची पत तपासली गेली असती. त्यात डिसेंबर २०२० पासून करखात्यालाही काही करांच्या वसुलीत पुन्हा अग्रक्रम मिळाला. म्हणजे रांगेत शेवटी उभा राहिला तो गावातला छपाईवाला, खानावळवाला आणि सफाईचा कंत्राटदार.

बैल गेला आणि झोपा केला

बरीच्या बाबतीत मुख्य चूक हकालपट्टीची नव्हती. हंगाम सुरू झालेला, सामने एकामागून एक पुढे ढकललेले, उरलेल्या २३ संघांचे वेळापत्रक लटकलेले. लीगला कधीतरी रेघ ओढावीच लागणार होती. चूक झाली होती ती डिसेंबर २०१८ मध्ये. स्टीव्ह डेल या व्यावसायिकाने हा क्लब अवघ्या एका पौंडाला घेतला, तेव्हा तो चालविण्याइतका पैसा त्यांच्यापाशी आहे याचा समाधानकारक पुरावा लीगच्या हाती आलेला नव्हता. या नावाचा फुटबॉल संघ आहे हेही आपल्याला ठाऊक नव्हते, असे हे गृहस्थ नंतर जाहीरपणे सांगून गेले! मैदान तर आधीच्या मालकाच्या काळातच गहाण पडले होते.

मैदानाचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. डर्बी आणि शेफील्ड वेन्सडे या दोन्ही क्लबांची मैदाने तत्कालीन मालकांनी आपल्याच कंपन्यांना विकून ताळेबंदातला तोटा झाकला होता. कागदोपत्री नफा झाला, पण क्लबची एकमेव भक्कम मालमत्ता हातची गेली. अशा विक्रीला लीगची पूर्वसंमती सक्तीची असती तर क्लब विकत घेणाऱ्याला पुढे दोन ठिकाणी बोलणी करावी लागली नसती.

जर्मनीत निराळी पद्धत आहे. तेथे हंगाम सुरू होण्यापूर्वीच क्लबला हिशेब आणि पुढील वर्षभराच्या पैशांची तजवीज दाखवून परवाना मिळवावा लागतो. २०१३ मध्ये ड्युसबर्गला दुसऱ्या श्रेणीचा परवाना नाकारला गेला. २०१७ मध्ये म्युनिकचा '१८६०' हा नामवंत क्लब गुंतवणूकदाराने वेळेत पैसे न भरल्याने थेट चौथ्या श्रेणीत घसरला. शिक्षा कठोरच, पण क्लब जिवंत राहिला आणि ऐन हंगामात कुणाचे वेळापत्रक विस्कटले नाही. अर्थात, देखरेख म्हणजे रामबाण उपाय असे समजण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये क्लबांचे हिशेब तपासणारी यंत्रणा कित्येक वर्षांपासून आहे. तरीही सहा वेळचा विजेता बोर्दो २०२४ मध्ये व्यावसायिक दर्जा सोडून चौथ्या श्रेणीत गेलाच.

आणि लीग स्वतः तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? २००२ मध्ये 'आयटीव्ही डिजिटल' ही प्रक्षेपण कंपनी बुडाली, तेव्हा ३१ कोटी ५० लाख पौंडांच्या करारावर मूळ कंपन्यांची हमीच लीगने घेतली नव्हती, हे न्यायालयात उघड झाले. त्या पैशांच्या भरवशावर पगार ठरविलेले अनेक क्लब गाळात गेले. बढती मिळाली की टीव्हीच्या हक्कांतून पैशांचा पाऊस आणि नाही मिळाली तर दुष्काळ, अशी रचना असताना दुसऱ्या श्रेणीतील प्रत्येक मालक जुगार खेळणारच.

अखेर ब्रिटिश संसदेने जुलै २०२५ मध्ये कायदा करून पहिल्या पाच श्रेणींसाठी स्वतंत्र नियामक नेमला. परवाना, मालकाच्या ऐपतीची तपासणी, मैदान विकण्यावर बंधन, असे अधिकार त्याला मिळाले. लीगला जे करता आले असते ते सरकारला करावे लागले. माझ्या मते यात एक गोष्ट राहून गेली. मालकाने हंगामाच्या पगाराइतकी रक्कम आगाऊ त्रयस्थाकडे ठेवावी, अशी सरळ सक्ती हवी होती. एका पौंडात क्लब घेणाऱ्यांची रांग तिथेच आटोपली असती.

आपल्याकडे गुण कापण्याचीही वेळ येत नाही, मालक दुकानच बंद करतो. मुंबईचा महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकल्यानंतर चारच वर्षांनी, २०१० मध्ये गुंडाळला गेला. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीगकडे पाठ फिरविली. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला, त्याची जागा हैदराबादने घेतली. तेथेही खेळाडूंचे पगार थकले आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलला. पुण्याच्या प्रेक्षकांना कुणी विचारले नाही. बरीच्या चाहत्यांनी निदान स्वतःचा वेगळा संघ उभारला, २०२३ मध्ये जुन्या नावाशी हातमिळवणी केली आणि पुन्हा 'गिग लेन'वर सामने सुरू केले, इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून.